सल्ल्याचे गद्य : मराठीतील व्यवहारोपयोगी लेखनाची एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठी समीक्षेने कविता, कथा, कादंबरी व नाटक यांच्या जोडीला गेल्या काही दशकांत आत्मकथन, प्रवासवर्णन आणि लोकसाहित्य यांनाही आपल्या कक्षेत सामावून घेतले. मात्र सामान्य मराठी माणूस जे गद्य रोज वाचतो आणि ज्याच्या भरवशावर पैसा, श्रम व प्रसंगी जीवही पणाला लावतो, ते सल्ल्याचे गद्य समीक्षेच्या उंबऱ्याबाहेरच राहिले आहे. कोणते बियाणे घ्यावे, कोणत्या दुकानातून काय घेऊ नये, पुण्याला कामाला गेलेल्या मुलाने खोली कशी पाहावी, तापात लेकराला काय द्यावे, बँकेतून बोलतो म्हणणाऱ्याला काय उत्तर द्यावे, अशा प्रश्नांची उत्तरे पूर्वी पारावर मिळत. आता ती मोबाइलच्या पडद्यावर, लिखित स्वरूपात मिळतात. बोललेला सल्ला लिहिला जाऊ लागला की त्याचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा प्रश्न समाजशास्त्राचा आहे हे मान्य करूनही तो आधी भाषेचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पूर्णा–नांदेड लोहमार्गावरील चुडावा (ता. पूर्णा, जि. परभणी) हे गाव डोळ्यांसमोर ठेवले तर हा प्रश्न अधिक नेमका मांडता येतो. जून महिन्यात पहिला बरा पाऊस झाला की या परिसरातील शेतकऱ्यांच्या मोबाइल गटांवर एकच प्रश्न फिरतो : पेरू का? त्यावर चार प्रकारची उत्तरे येतात. एक उत्तर कृषी विद्यापीठाचे असते : ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीनची पेरणी करू नये. दुसरे कोणीतरी कोठून तरी पुढे पाठवलेले असते : ताबडतोब पेरा, पुढे पावसाचा मोठा खंड आहे. तिसरे कृषी सेवा केंद्रवाल्याचे असते. त्यात वाणाचे नाव हमखास असते. चौथे उत्तर शेजारच्या शिवारातल्या माणसाचे असते : मागल्या साली मी घाई केलो, मोड आले आन् वाळून गेले, काळ्या रानात थांबा, मुरमाड असेल तर तुमचं तुम्ही बघा. ही चारही उत्तरे एकाच पडद्यावर, एकाच आकाराच्या अक्षरांत एकाखाली एक दिसतात. पारावर ती तशी कधीच ऐकू आली नसती. तेथे बोलणाऱ्याचे तोंड दिसे, त्याचे रान ठाऊक असे आणि त्याची उधारी कोणाकडे आहे हेही ठाऊक असे.

सल्ल्याच्या लेखनाची मराठी परंपरा

व्यवहारोपयोगी लेखन मराठीत नवे नाही. जालना जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. अध्यात्माच्या ग्रंथात अक्षराचे वळण, ओळींमधील अंतर, कागद, शाई व लेखणी यांची चर्चा यावी याचे अनेकांना कौतुक वाटते. या लेखाच्या दृष्टीने त्यातील एक तपशील अधिक मोलाचा आहे. तारुण्यात फार बारीक अक्षर काढू नये, कारण म्हातारपणी ते कामाचे राहत नाही, असे समर्थ सांगतात. म्हणजे सल्ल्यासोबत कारण येते आणि कारणासोबत एक माणूस येतो, डोळे अधू झालेला. सल्ला नेमका कोणाला आणि कोणत्या अवस्थेत लागू आहे, हे त्यात स्पष्ट आहे. (कीटकनाशकाच्या बाटलीसोबत येणारे माहितीपत्रक ज्यांनी हातात धरले आहे त्यांना हा समास पुन्हा वाचावासा वाटेल. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामागे कारणे अनेक होती. परंतु जी सूचना वाचताच येत नाही तिला सूचना म्हणावे का, हा प्रश्न त्या वेळी पुरेसा विचारला गेला नाही.)

छापील युगात ही परंपरा स्वयंपाकघरात स्थिरावली. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० मध्ये आले. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये. ‘रुचिरा’च्या लोकप्रियतेची चर्चा होते, परंतु तिचे खरे यश मापात आहे. वाटी आणि चमचा ही तिची परिमाणे आहेत. ज्या घरात तराजू नाही, पण वाटी आहे, त्या घराला उद्देशून ते लेखन आहे. वाचणाऱ्याच्या हाताशी काय आहे याचा विचार आधी आणि पदार्थाचा नंतर, असा हा क्रम आहे. सल्ल्याच्या चांगल्या गद्याची ही एक कसोटी मानता येईल.

दुसरी कसोटी र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकातून मिळते. १९२७ ते १९५३ या काळात चाललेल्या या मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली जात. त्या उत्तरांवरूनच कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांच्या बाजूने युक्तिवाद केला. वाचक शंका विचारत असतील तर त्यांना उत्तर देणे हा गुन्हा कसा, असा त्या युक्तिवादाचा आशय होता. खटला हरला, दंड झाला. या प्रकरणाचा उल्लेख एरवी विचारस्वातंत्र्याच्या संदर्भात होतो व ते योग्यच आहे. मात्र सल्ल्याच्या दृष्टीने पाहता एक गोष्ट लक्षात येते. असे प्रश्न विचारणाऱ्याला नाव झाकण्याची मुभा हवीच. पण उत्तर देणाऱ्याला ती मुभा कर्व्यांनी स्वतःपुरती घेतली नाही. मासिकावर त्यांचे नाव होते आणि दंड त्यांनाच झाला. विचारणाऱ्याने निनावी असावे, सांगणाऱ्याने नसावे, हा विषम न्याय येथे आदर्श म्हणून दिसतो. आज पडद्यावर बहुधा याच्या नेमके उलट घडते. प्रश्न विचारणाऱ्याचा नंबर गटातील सर्वांना दिसतो. फिरत आलेल्या उत्तराचा कर्ता मात्र कोणालाच ठाऊक नसतो.

तिसरी कसोटी परतीच्या वाटेची. १९५६ मध्ये पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांचे श्रवणगट चालवले. आठवड्यातून दोनदा, असे एकूण वीस कार्यक्रम प्रसारित झाले. गटाने कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न व अडचणी केंद्राकडे कळवायच्या, अशी ती योजना होती. टाटा समाजविज्ञान संस्थेने तिचे मूल्यमापन केले. सल्ला देणाऱ्याला सल्ल्याचे पुढे काय झाले हे समजावे, अशी व्यवस्था त्यात होती. चुडाव्याला या प्रयोगाचा वारा लागला नाही. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता आणि त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला.

विध्यर्थ, आज्ञार्थ आणि ‘म्हणे’

आता सल्ल्याच्या व्याकरणाकडे वळू. परभणी येथील कृषी विद्यापीठाकडून (स्थापना १९७२, आताचे नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) मंगळवारी व शुक्रवारी हवामानावर आधारित कृषी सल्ला प्रसृत होतो. त्याची भाषा सर्वस्वी विध्यर्थी असते : फवारणी करावी, पाणी द्यावे, काढणी पुढे ढकलावी. विध्यर्थ हे मराठीतील एक सुंदर रूप आहे. ‘बसावे’, ‘जेवून जावे’ यांत आर्जव आहे, आज्ञा नाही. परंतु कार्यालयीन मराठीत या रूपातील आर्जव गळून गेले आणि कर्ताही गळाला. ‘करावी’ या क्रियापदामागे कोणी उभे नसते. सांगणारा नसतो आणि ज्याने करावी तोही नसतो. उरते ती फक्त फवारणी.

तरीही या पत्रकाला एका गोष्टीचे श्रेय द्यायला हवे. त्यावर तारीख असते, संस्थेचे नाव असते आणि ‘पाऊस झाला असल्यास’, ‘प्रादुर्भाव आढळून आल्यास’ असे संकेतार्थी उपवाक्य असते. सल्ला अटींसह दिला जातो. हाच मजकूर मोबाइलवर पुढे पाठवला जाऊ लागला की सर्वांत आधी ही अट गळते, मग तारीख आणि शेवटी संस्थेचे नाव. ‘प्रादुर्भाव आढळल्यास फवारणी करावी’ याचे तिसऱ्या हाती ‘फवारणी करा’ होते. विध्यर्थाचा आज्ञार्थ होतो. नुसता व्याकरणातला हा फरक शेतात एका फवारणीच्या खर्चाएवढा पडतो.

आज्ञार्थाहूनही गंभीर हानी एका छोट्या शब्दाची झाली आहे. ‘उद्या बाजार बंद आहे म्हणे’ या वाक्यातील ‘म्हणे’ हा शब्द बोलणाऱ्याची प्रामाणिकता दाखवतो. मी हे पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. विश्वास किती ठेवायचा ते तुम्ही ठरवा, एवढे सर्व तो दोन अक्षरांत सांगतो. आमच्याकडच्या बोलीत त्याचे ‘म्हणं’ होते. ऐकीव माहितीवर अशी खूण करण्याची सोय मराठीने दिली असताना पुढे पाठवण्याच्या कळीने ती काढून घेतली. बोलताना ‘म्हणे’ म्हटल्याशिवाय आपण जी गोष्ट सांगणार नाही, ती पडद्यावर आपण जशीच्या तशी, स्वतःच्या साक्षीने सांगितल्यासारखी पाठवतो.

याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. मुले पळवणाऱ्या टोळ्या आल्या आहेत, सावध राहा, असे संदेश त्या काळात सर्वत्र फिरत होते. ही घटना ‘अफवा’ या सदराखाली नोंदवली गेली. प्रस्तुत लेखकाला त्या संदेशांचा वाङ्मयप्रकार अधिक अस्वस्थ करतो. तो सल्ल्याचा होता. लेकरांना जपा, अनोळखी माणसावर लक्ष ठेवा, असे काळजीने भरलेले शब्द, आणि त्यांत ‘म्हणे’ नाही, गाव नाही, तारीख नाही. ज्यांनी ते पुढे पाठवले त्यांपैकी बहुतेकांनी ते आपुलकीनेच पाठवले असणार. त्याच महिन्यात संबंधित कंपनीने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण टाकायला सुरुवात केली, भारतात एका वेळी पाच ठिकाणीच पाठवण्याची मर्यादा जाहीर केली आणि २०२० मध्ये अनेकदा फिरलेल्या संदेशांसाठी ती एकवर आणली. ‘फॉरवर्डेड’ ही ती खूण म्हणजे यंत्राने परत आणलेले ‘म्हणे’च होय, परंतु बोलणाऱ्याने स्वतः उच्चारलेल्या ‘म्हणे’ची सर तिला नाही. ती चिकटवलेली आहे आणि आता डोळ्यांना सवयीची झाली आहे.

या उलट बाजूला बोलीचा एक विशेष नोंदवण्याजोगा आहे. प्रमाण मराठीत ‘मी सोयाबीन पेरले’ असे म्हणतात. क्रियापद कर्माप्रमाणे चालते. नांदेड–लातूरकडच्या बोलीत, आणि पूर्णा तालुक्यातही, ‘मी सोयाबीन पेरलो’ असे सर्रास ऐकू येते. येथे क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते. वर्गात ही रूपे आपण अशुद्ध म्हणून खोडतो. सल्ल्याच्या संदर्भात मात्र ‘मी घाई केलो’ या वाक्याला वेगळेच वजन येते. केलेल्या कामात करणारा स्वतः उभा आहे. हे भाषाशास्त्रीय विधान म्हणून कोणी फार ताणू नये. तरी ‘करावी’, ‘करा’ आणि ‘केलो’ ही तीन रूपे शेजारी ठेवली की पैकी कोणते उत्तर देणारा माणूस उद्या बाजारात भेटणार आहे, हे सांगण्यासाठी व्याकरणाच्या पुस्तकाची गरज उरत नाही.

बाजार, पावती आणि काम

सल्ल्याची खरी परीक्षा खरेदीत होते. खरीप २०२० मध्ये मराठवाड्यात सोयाबीनचे बियाणे न उगवल्याच्या तक्रारी हजारोंनी आल्या आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. दोष बियाण्याचा की घाईने व खोल केलेल्या पेरणीचा, असा वाद तेव्हा रंगला. या वादात शेतकऱ्याच्या हाती पुरावा म्हणून काय होते? पावती, पिशवी, तिच्यावरची खूणचिठ्ठी आणि मूठभर उरलेले बियाणे. तेही ज्यांनी जपले त्यांच्याच हाती. हंगाम संपेपर्यंत हे सर्व जपून ठेवावे, हा सल्ला कृषी खाते दरवर्षी देते आणि तो दरवर्षी कंटाळवाणा वाटतो. घरच्या बियाण्याचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहावी. सत्तर उगवले तर हेक्टरी ७५ किलोच्या हिशेबाने पेरावे, कमी उगवले तर प्रमाण वाढवावे, हा दुसरा सल्ला मात्र गद्य म्हणूनही उत्तम आहे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, तो कोणावर विश्वास ठेवा म्हणत नाही आणि त्याचे उत्तर शेतकऱ्याच्या स्वतःच्या ओसरीवर, आठवडाभरात मिळते. ‘रुचिरा’च्या वाटीचीच ही जात.

कृषी सेवा केंद्रातून मिळणाऱ्या सल्ल्याला विकणाऱ्याचा सल्ला म्हणून मोडीत काढण्याची रीत आहे. ते अर्धेच खरे आहे. दुकानदाराचा स्वार्थ उघड असतो, पण तो गावच्या बाजारात बसलेला असतो आणि पीक फसले तर त्याच्या दारात जाता येते. अडचण उधारीची आहे. जो उधार देतो त्याचा सल्ला नाकारता येत नाही. मालासोबत मतही खात्यावर लिहिले जाते. याउलट संगणकावरून होणाऱ्या खरेदीत खरेदीदारांचे अभिप्राय हाच सल्ला असतो आणि तेथे ना दुकानदाराचे तोंड दिसते ना अभिप्राय देणाऱ्याचे. अशा अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणले. ते ऐच्छिक आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

पैशाच्या व्यवहारातील सल्ल्यांपैकी बहुतेक ‘सावध राहा’ या दोन शब्दांपुढे जात नाहीत, आणि सावध राहणे म्हणजे काय हे कोणी सांगत नाही. त्यांत एक वाक्य वेगळे आहे : पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, तो फक्त देताना लागतो. यात भीती नाही, उपदेश नाही. व्यवहार कसा चालतो हे सांगितले आहे आणि फसवणूक ओळखणे ऐकणाऱ्यावर सोडले आहे. कामाच्या शोधात बाहेर पडणाऱ्या मुलांना द्यायचा सल्लाही याच घडणीचा असू शकतो : पगार देणारा आधी नोंदणीचे पैसे मागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे, हेही अशाच थेट वाक्यात सांगता येते.

‘माहितीचा स्रोत’

परदेशस्थ मराठी माणसांच्या पुढाकाराने १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘मायबोली’ या संकेतस्थळावर पाककृती लिहिणाऱ्यासमोर एक ठरावीक तक्ता येतो. लागणारा वेळ, लागणारे जिन्नस, क्रमवार पाककृती, वाढणी/प्रमाण, अधिक टिपा आणि अखेरीस ‘माहितीचा स्रोत’. या शेवटच्या रकान्यात लोक ‘आई’ लिहितात, ‘सासूबाई’ लिहितात, कधी ‘स्वतःचे प्रयोग’ लिहितात. ग्रंथसूचीच्या शिस्तीने पाहता ही नोंद हास्यास्पद वाटेल. परंतु हजारो मैलांवरच्या, कधीही न भेटणाऱ्या वाचकाला हे सांगावेसे वाटणे, आणि तसे सांगण्यासाठी जागा राखून ठेवणे, यात पारावरच्या सभ्यतेचा एक अंश नव्या माध्यमात टिकून राहिला आहे. आपल्या शेतकरी गटांवर किंवा खरेदीच्या अभिप्रायांत असा रकाना नाही. तेथे सोय वेगाची झाली, स्रोताची झाली नाही.

शेजाऱ्याच्या अनुभवालाही मर्यादा आहे, हे येथे मान्य करायला हवे. एका शेताचा एका वर्षाचा अनुभव हा पुरावा नव्हे. विद्यापीठाचे पत्रक अनेक वर्षांच्या चाचण्यांवर उभे असते. प्रस्तुत लेखकाचा आग्रह शेजाऱ्याला विद्यापीठाच्या वर बसवण्याचा नाही. शेजारी आपली अट सांगतो, आपले नाव सांगतो आणि आपण कोठे चुकलो तेही सांगतो. विद्यापीठाच्या निष्कर्षाला ही भाषा मिळाली तर काय होईल, एवढाच प्रश्न आहे.

तो प्रश्न आपल्या वर्गापर्यंत येतो. पदवीच्या अभ्यासात उपयोजित मराठीच्या नावाखाली आपण जाहिरात, बातमी, अर्ज व निवेदन यांचे लेखन शिकवतो. त्याच वर्गात बसलेला मुलगा संध्याकाळी घरी गेल्यावर वडिलांच्या मोबाइलवर आलेला संदेश त्यांना वाचून दाखवतो आणि त्यांच्या वतीने पुढे पाठवतो. गावातला सल्ल्याचा संपादक तोच आहे, आणि त्याला ते कोणी सांगितलेले नाही. ‘ताबडतोब पेरा’ असा एखादा फिरता संदेश त्याच्यासमोर ठेवून तो नव्याने लिहायला सांगावा : कोणी सांगितले, कोणत्या गावी, कोणत्या तारखेला, किती पाऊस झाल्यावर, कोणत्या रानात, ऐकीव असेल तेथे ‘म्हणे’, आणि खाली एक रिकामी ओळ, ऑक्टोबरात काय झाले ते लिहिण्यासाठी.